हातापायांनी चढणं

इंदूरच्या तुकोगंजातल्या जुन्या बंगल्याच्या आवारभिंतीवर जांभळांसाठी चढणारं पोर डोळ्यांपुढे आणा. कोपर कठड्यावर, एक गुडघा भिंतीला घासतोय, दुसरा पाय हवेत आधार शोधतोय. या चढण्याला इंग्रजीत नेमकं क्रियापद आहे: ‘क्लॅम्बर’. जिना आपण ‘क्लाइम’ करतो. ‘क्लॅम्बर’ म्हणायचं तर हातही कामाला लागले पाहिजेत आणि थोडी धडपड हवी. पुण्याच्या गाडीत आजी वरच्या बर्थवर चढतात, ते ‘क्लॅम्बर’च! हे क्रियापद सहसा एकटं येत नाही. वर, खाली, पलीकडे, आत, बाहेर असा दिशेचा शब्द सोबत घेतं. म्हणजे धडपडत खाली उतरणंही त्यात बसतं. उच्चारातली एक गंमत: ‘क्लाइम’मधला शेवटचा ‘ब’ मुका, ‘क्लॅम्बर’मधला मात्र स्पष्ट ऐकू येतो.

मराठीत आपण ‘धडपडत चढला’ म्हणतो. पण जुन्या मराठीत ‘वेंघणे’ होतं, म्हणजे वर चढणे. किती चित्रमय शब्द! मला तो फार आवडतो. आपल्या इंदुरी घरांतून तो पुन्हा ऐकू यावा, असं मनापासून वाटतं. नातवंडं खिडकीच्या गजांवर चढली, की म्हणून पाहा: “अरे, कुठे वेंघतोस?”