दुसऱ्या अर्जाचे निबंध

(पालक आणि विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



समोर दोन पिढ्या बसल्या आहेत. आईवडील बहुतेक महाराष्ट्रातून आलेले, मुलं इथे अमेरिकेत वाढलेली. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण गेली काही वर्षं ओळखीच्या घरांतल्या मुलांचे मेडिकल स्कूलसाठीचे निबंध वाचून देतो, म्हणून आयोजकांनी मला उभं केलंय.

पालकांशी आधी बोलतो. आपण ज्या पद्धतीत वाढलो तिथे मेडिकलचा प्रवेश म्हणजे गुण. नीट ७२० गुणांची, यादी लागली की विषय संपला. त्यामुळे मुलगी जुलैत रात्ररात्र निबंध लिहीत बसली की आपण म्हणतो, "अगं, एमकॅटला चांगले मार्क आहेत ना, मग हे कशाला?" एमकॅट ५२८ पैकी असते आणि ५२०च्या आसपास गुण मिळवलेली मुलंही दरवर्षी रिकाम्या हाताने परत येतात. गुणांनी फक्त दार उघडतं. आत कोणाला बसवायचं हे ठरवताना माणसं अर्ज वाचतात.

पहिला अर्ज सगळ्या कॉलेजांना एकच जातो. मे महिन्यात तो भरायला खुला होतो आणि जूनच्या अखेरीस कॉलेजांकडे पोचायला लागतो. त्यात ५,३०० अक्षरांचं एक निवेदन असतं आणि जास्तीत जास्त १५ कामांची नोंद. (टेक्सासच्या सरकारी कॉलेजांची व्यवस्था वेगळी आहे.) मग प्रत्येक कॉलेज आपापले प्रश्न पाठवतं, तो दुसरा अर्ज. आमच्याकडेच का यायचंय? अडचणीच्या वेळी काय केलंत? तुमच्यापेक्षा वेगळ्या माणसाबरोबर काम केलंय का? वीस कॉलेजांना अर्ज केला आणि प्रत्येकाने तीन प्रश्न विचारले तर साठ निबंध झाले, आणि ते येतात एकदम. जागा भरत जातात तशा मुलाखतीही कमी होतात, म्हणून दोन आठवड्यांत उत्तर पाठवावं असं सगळेच सांगतात. प्रत्येक कॉलेजची फी वेगळी. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांच्यासाठी एएएमसीची सवलत योजना आहे आणि ती मिळाली तर बरीच कॉलेजं दुसऱ्या अर्जाची फीही माफ करतात. पण ती अर्ज करण्याआधी मिळवावी लागते, भरलेले पैसे परत येत नाहीत. हे लाजेखातर कोणी विचारत नाही, म्हणून माइकवरून सांगतोय.

आता एका मुलीच्या निबंधाबद्दल सांगतो, तिच्या परवानगीने, नाव न घेता. तिची दादी रायगड जिल्ह्यातली, घरात कोकणी बोलणारी, मधुमेहाची जुनी रुग्ण, इन्सुलिनवर. ही चौदा वर्षांची असल्यापासून दादीबरोबर दवाखान्यात जायची. दवाखान्याने फोनवर उर्दूचा दुभाषी दिला. उर्दू शुद्ध, आणि दादी प्रत्येक वाक्याला "हो" म्हणायची. उपाशी राहू नका, हो. गोळ्या वेळेवर घ्या, हो. रमजान लागला की दादी रोजे धरायची आणि सकाळचा डोस स्वतःच्या हिशेबाने सेहरीला घ्यायची. डॉक्टरांच्या कागदावर सगळं ठीक.

तिच्या निबंधाचा पहिला खर्डा माझ्याकडे आला तेव्हा त्यात दादी शेवटच्या चार ओळींत होती. आधीचा सगळा भाग रमजान म्हणजे काय आणि इस्लाम शांततेचा धर्म कसा आहे, यावर. मी तिला विचारलं, "हे तुला विचारलंय कोणी?" आपल्या मुलांना ही सवय लागली आहे. पेन उचललं की आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून ती खुलासा द्यायला लागतात. समितीला खुलासा नको असतो. तू काय पाहिलंस आणि मग काय केलंस, एवढंच तिला हवं असतं.

तिने केलं होतं ते छान होतं. एका भेटीत ती डॉक्टरांना सरळ म्हणाली, "दादी हो म्हणते, पण ऐकणार नाही." मग तिघांनी बसून बोलणं केलं. आजाऱ्याला रोजा माफ आहे हे कुराणातच आहे, दादीला ते माहीत होतं. तिची अडचण होती की शेजारणी काय म्हणतील. हे कुठल्या दुभाष्याला कळणार? पुढे मुलीने शोधून काढलं की सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्याने तातडीची वेळ सोडून लहान मुलांकडून दुभाष्याचं काम करून घेऊ नये, असा नियम आहे. म्हणजे आपण करत होतो ते आपलं काम नव्हतंच, आणि तरीही ते केल्यामुळेच खरी गोष्ट बाहेर आली. हा पेच तिने न सोडवता तसाच लिहिला. निबंध तिथे उभा राहिला.

वडील म्हणाले, रोजा काढून टाक, उगाच धर्म कशाला दाखवायचा? त्यांची भीती मला कळते. नावावरून जे कळायचं ते कळतंच, हा एक मुद्दा. दुसरा असा : २०२३च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशात वंशाचा विचार बंद केला, पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी हेही नोंदवलं की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिलं, आणि ते त्याच्या गुणांशी, कुवतीशी जोडलेलं असलं, तर कॉलेज ते विचारात घेऊ शकतं. तो निकाल वंशाबद्दल आहे, धर्माबद्दल नाही. पण त्यानंतर निबंधांचं वजन वाढलं असं माझं मत आहे. नुसता "मी मुस्लिम आहे" हा शिक्का काहीच मिळवून देत नाही. आणि मशिदीतल्या रक्तदाबाच्या शिबिरात तीन वर्षं काम करून "कम्युनिटी सेंटर" असं लिहिणाऱ्या मुलाचा निबंध गुळमुळीत होतो, कारण तो प्रत्येक वाक्यात काहीतरी लपवत असतो.

अजून एक नमुना फार येतो : सुट्टीत आजोळी गेलो, गावात शिबिर घेतलं, गरिबी पाहून डॉक्टर व्हायचं ठरवलं. दोन आठवड्यांत गाव कळत नाही. शिवाय इथे ज्याची परवानगी नाही ते काम तिथे रुग्णावर केलं असेल, तर ते भूषण नाही. एएएमसीने विद्यार्थ्यांना याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला आहे.

चॅटजीपीटीबद्दल इंजिनिअरला विचारणारच. विषय सुचवायला, व्याकरण तपासायला चालेल. शेवटचा मजकूर स्वतःचा हवा, हे अर्जात लिहूनच द्यावं लागतं. आणि एका निबंधाचा दुसऱ्या कॉलेजसाठी वापर करताना कॉलेजचं नाव बदला. हसू नका, दर वर्षी एक तरी असा माझ्यापर्यंत येतो.

पैसे असलेले लोक सल्लागार लावतात. आपण एकमेकांचे निबंध वाचू शकतो. या खोलीत चार डॉक्टर बसलेले मला दिसतायत, त्यांनी मागच्या टेबलावरच्या वहीत नाव लिहावं. मुलांनी खर्डा आणावा, कच्चा चालेल. जुलैची वाट पाहू नका; बरेच प्रश्न दर वर्षी तेच असतात, एप्रिलपासून लिहायला लागा.

आता प्रश्न घेऊ.