बालो अजून तिथेच उभी होती

मघापासून शिट्ट्या मारून दमलेल्या मित्रांनो,

मला सिनेमावर बोलायला सांगितलंय. तर ज्यांचा सिनेमा तुमच्यापैकी बहुधा कुणीच पाहिला नसेल, त्यांच्याबद्दल बोलतो. मणि कौल.

जन्म 1944चा, जोधपूरचा. काका महेश कौल हिंदीतले नावाजलेले दिग्दर्शक. पुतण्या मात्र पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकला आणि पंचविशीत त्याने 'उसकी रोटी' केला. मोहन राकेश यांची कथा. बालो बसड्रायव्हर नवऱ्यासाठी रोटी घेऊन रस्त्यावर उभी राहते. एक दिवस उशीर होतो आणि मग ती वाट बघत राहते. झाली गोष्ट!

आमच्या फिल्म सोसायटीत तो लागला तेव्हा मी तुमच्याच वयाचा. निम्मी सतरंजी रिकामी झाली. खोटं कशाला बोलू, मीही उठलो होतो. चपलांच्या ढिगात माझी एक चप्पल सापडेना. शोधता शोधता मागे वळून पाहिलं, तर बालो अजून तिथेच उभी. मी दारातच बसलो.

त्या वेळी का बसलो ते कळलं नाही. पुढे कौल उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांकडे धृपद शिकल्याचं वाचलं, तेव्हा थोडा उलगडा झाला. धृपदिया बंदिशीकडे धावत सुटत नाही. आलापात एकेका स्वराशी मुक्काम करतो. कौलांच्या सिनेमात गोष्ट म्हणजे बंदिश. त्यांचा जीव आलापात. 1982मध्ये त्यांनी 'ध्रुपद' नावाचा माहितीपटही केला.

आपल्याकडचे धागेही आहेत. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वरच्या 1976च्या चित्रपटाच्या दिग्दर्शकांपैकी ते एक. आणि 1973चा 'दुविधा'! विजयदान देथांची कथा: भूत नवऱ्याचं रूप घेऊन नवरीबरोबर संसार थाटतं. 'दुविधा'साठी कौलांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याच कथेवर 2005मध्ये आपल्या अमोल पालेकरांनी 'पहेली' केला. हां, आता टाळ्या! त्यातला शाहरुख त्याआधी कौलांच्या 'इडियट'मध्ये होता, बरं का.

2011मध्ये कौल गेले.

बक्षिसं वाटायची राहिलीत, सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. 'पहेली' पाहिला असेल, तर एखाद्या रविवारी 'दुविधा' लावा. मध्येच उठावंसं वाटलं तर खुशाल उठा. चपला तेवढ्या जरा लांब काढा.