सोळा टनांचे गाणे



सातवीनंतर माझी शाळा सुटली, ती सुटलीच. संगीतातले मला काही कळते असा माझा दावा नाही. तरी आज एका गाण्याविषयी बोलणार आहे, कारण त्याचा विषय मजुरी हा आहे आणि आयुष्य मी त्याच विषयात घालवले आहे.

'सिक्स्टीन टन्स' हे ते अमेरिकन गाणे. मर्ल ट्रॅव्हिस याने ते १९४६ साली ध्वनिमुद्रित केले. हा केंटकी राज्यातला. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. त्या मुलखातल्या अनेक खाणींत मजुराला रोख पैशाऐवजी कंपनीचे बिल्ले मिळत. ते चालत कंपनीच्याच दुकानात, आणि भाव ठरवी दुकान! घरभाडे, हत्यारे, सुरुंगाची दारू यांचे पैसे आधीच कापलेले असत. गाण्यातला गडी हाडे मोडेपर्यंत राबतो. पण उधारी काही फिटत नाही.

ट्रॅव्हिसने हे गिटारीच्या साथीवर, आधी चार शब्द बोलून, साधेपणाने गायिले. १९५५ साली टेनेसी अर्नी फोर्डने ते घेतले. खर्जातला आवाज, क्लॅरिनेट आणि मध्ये बोटांच्या चुटक्या. सरावात ठेका दाखवण्यासाठी वाजवलेल्या त्या चुटक्या तबकडीत तशाच ठेवल्या गेल्या. तबकडी लाखोंनी खपली. पुढे १९८७ साली जॉनी कॅशनेही ते गायिले.

मी प्रथम ऐकले ते फोर्डचे. शब्द कळले नाहीत, चुटकी तेवढी कळली, आणि मीही चुटक्या वाजवल्या. पुढे शब्दकोश घेऊन अर्थ लावला तेव्हा ओशाळलो. वाटले, या माणसाने दुःखाची करमणूक केली. खरे गाणे ट्रॅव्हिसचेच.

हे मत मला बदलावे लागले. एका हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांवर मी दोन्ही मुद्रणे ऐकवली. ट्रॅव्हिसच्या वेळी पोरे पांगली. फोर्डच्या चुटकीसरशी परत आली. मग मी अर्थ सांगितला. एका बाईने विचारले, "भाऊ, त्या दुकानाची वही कुणापाशी असायची?"

"मालकाच्या कारकुनापाशी."

"मंग हितल्यावानीच की!"

बंधूंनो, मजुरी चलनी नाण्यांत वा नोटांतच द्यावी, असे आपल्याकडे १९३६ च्या कायद्याने ठरवले. ऊसतोडीची उचलही रोखच मिळते. पण अंगावर बाकी किती, हे मुकादमाची वही सांगते. बिल्ला गेला, वही राहिली.

त्या बाईने दुसऱ्या दिवशी मुलीकडून स्वतःची वही सुरू केली. हंगामाअखेर दोन वह्यांचा मेळ बसला नाही. त्या फरकाचे भांडण अजून मिटलेले नाही. पण भांडायला आता कागद आहे.

तेव्हा फोर्डच्या चुटकीला मी नावे ठेवत नाही. चुटकीने माणसे जमतात. जमल्यावर त्यांना वहीबद्दल सांगायचे, हे काम गायकाचे नव्हे. ते तुमचे-आमचे आहे.