थेंब आमचे, तळे काकूंचे

(आपल्या गणेशोत्सवातील घरगुती व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल याच ठिकाणी संतसाहित्यावर सुंदर व्याख्यान झालं, उद्या डॉक्टरसाहेब मधुमेहावर बोलणार आहेत. या दोघांच्या मधे कार्यवाहांनी मला वॉशिंग मशीनच्या नळीवर बोलायला उभं केलं आहे. हसू नका. विषय मीच मागून घेतला. गेल्या वर्षभरात आपल्या मंडळातल्या चार घरी मला पाना घेऊन जावं लागलं, आणि चारही घरी दुखणं एकच होतं. पाचवं घर माझं स्वतःचं, ती हकिगत आधी सांगतो.

२००९ सालची गोष्ट. आमच्याकडे तोवर सेमी-ऑटोमॅटिक मशीन होतं. नळाला प्लॅस्टिकची नळी खोचायची, दुसरं टोक टबात सोडायचं, टब भरला की नळ बंद. बारा वर्षं हे चाललं, कधी तक्रार नाही. मग चिरंजीवांनी पुण्याहून पैसे पाठवले आणि घरात फुल्ली ऑटोमॅटिक आलं. बसवायला आलेल्या मेकॅनिकनं आमच्या जुन्याच नळाच्या तोंडावर एक प्लॅस्टिकचा टोप चढवला, चार बाजूंनी चार स्क्रू आवळले, त्याला नळी जोडली, मशीन चालवून दाखवलं आणि चहा पिऊन गेला. एक थेंब गळला नाही. मीही समाधानानं सही केली.

गणपतीला आठ दिवस होते. आम्ही दोघं एका लग्नासाठी दोन दिवस नागपूरला गेलो. नळ उघडाच. रात्री केव्हातरी तो टोप नळीसकट निसटला. आम्ही पहिल्या मजल्यावर, टाकी वर गच्चीवर, त्यामुळे अख्खी टाकी आमच्या बाथरूममधून घरभर आणि तिथून स्लॅबमधून खालच्या काकूंच्या माळ्यावर उतरली. माळ्यावर ट्रंक होती. ट्रंकेत काकूंच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे. मातीचे, रंगवलेले, त्यांच्या सासूबाईंनी लग्न होऊन येताना अमरावतीहून मांडीवर घेऊन आणलेले.

आम्ही परतलो तेव्हा काकूंनी ते ओटीवर वर्तमानपत्रावर वाळत घातले होते. रंग गेलेला, एका मुखवट्याचं नाक विरघळलेलं. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या वर्षी त्यांनी तांब्यांवर हळदीकुंकवानं डोळे-नाक रेखून महालक्ष्म्या बसवल्या. जेवायला आम्हाला नेहमीसारखं बोलावलं. वाढता वाढता एवढंच विचारलं, "भाऊजी, आता नळ बंद केलाय ना?"

मंडळी, मी तीस वर्षं कारखान्यात गाड्यांच्या कूलिंगचं काम केलेला माणूस. तो घास मला कसा गेला ते मलाच ठाऊक.

आता थोडं कारखान्याबद्दल, कारण चूक कुठे झाली ते मला तिथल्याच शिकवणीनं कळलं. मी १९७९ साली व्हेइकल फॅक्टरीत अप्रेंटिस म्हणून लागलो. तेव्हा शक्तिमान ट्रक आणि जोंगा जोरात होते. (जोंगा हे नाव आपल्या जबलपूरच्या इंग्रजी आद्याक्षरावरून सुरू होतं, हे आमची नातवंडं खरं मानत नाहीत.) पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी मला डोळे मिटून रेडिएटरच्या पाइपाच्या तोंडावरून बोट फिरवायला लावलं. "क्या लगा?" कडेशी एक बारीक उंचवटा लागला, वरवंटीसारखा गोल. रबरी होज त्या उंचवट्यापलीकडे ढकलायचा आणि क्लिप उंचवट्याच्या मागे आवळायची. मग गाडी राजस्थानात जावो की लडाखला, होज निसटत नाही. क्लिप होजला पाइपावर दाबते, पण निसटू देत नाही तो उंचवटा.

आपल्या घरच्या नळाच्या तोंडाला असा उंचवटा नसतो. ते गुळगुळीत, वर क्रोमचा मुलामा. त्यावर चार स्क्रूंनी धरलेला टोप म्हणजे तेल लावलेल्या खांबाला चार बोटांनी धरणं. आता हिशेब बघा. पाण्याची टाकी दहा मीटर उंच असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब पडतो. आमची टाकी नळापासून सहा-सात मीटर वर. नळाच्या तोंडाचा बाहेरचा व्यास वीस मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे त्या टोपाला दोन किलो साखरेची पिशवी रात्रंदिवस खाली ओढत होती. शिवाय मशीनच्या आतला वॉल्व्ह विजेवर चालतो, तो खट्कन बंद होतो. वेगात आलेलं पाणी एकदम अडलं की धक्का बसतो आणि दाब क्षणभर कितीतरी वाढतो. पाइप "धक्" असा आवाज करतो तो हाच. प्रत्येक धुण्यात असे धक्के अनेक.

मग बारा वर्षं जुन्या मशीनला काही का झालं नाही? कारण त्या नळीचं दुसरं टोक उघडं होतं. पाण्याला जायला वाट होती, त्यामुळे जोडावर दाब असा येतच नव्हता. ऑटोमॅटिकमध्ये दुसऱ्या टोकाला वॉल्व्ह आहे आणि तो बहुतेक वेळ बंद असतो. पाणी वाहत असताना जोडावरचा दाब उतरतो. वाहायचं थांबलं की पुरा दाब जोडावर येऊन बसतो. म्हणून मशीन चालवून, पाणी घेताना पाहून "गळत नाही" म्हणणं फसवं आहे. तो मेकॅनिकही फसला, मीही फसलो. सेमी-ऑटोमॅटिकची सवय आपण ऑटोमॅटिकला लावली, त्या चारही घरी हेच झालं होतं.

तर करायचं काय? तो टोप काढा आणि वॉशिंग मशीनसाठी मिळतो तो नळ बसवा. दुकानात "वॉशिंग मशीनचा कॉक" म्हटलं की देतात. त्याचं भिंतीकडचं टोक अर्धा इंची असतं आणि पुढच्या तोंडावर पाऊण इंची आटे असतात. आपल्या नळीची चाकी, म्हणजे ते फिरणारं प्लॅस्टिकचं नट, पाऊण इंचीच असतं. इथे एक गंमत सांगतो. अर्धा इंची आटे पट्टीनं मोजाल तर जवळपास एकवीस मिलिमीटर भरतात आणि पाऊण इंची साडेसव्वीसच्या आसपास. हे आकडे जुन्या काळच्या पाइपाच्या पोकळीवरून पडले आहेत. म्हणून दुकानात पट्टी घेऊन भांडू नका, नळी सोबत न्या आणि तिथेच चढवून बघा. नळाच्या तोंडाची कड बोटानं तपासा. ती सपाट हवी, खाच किंवा चरा नको. का, ते आता सांगतो, कारण आजच्या भाषणातला मुद्दा हाच आहे.

या कामात जोड दोन, आणि दोघांचा स्वभाव निराळा. पाइपाच्या आट्यांसाठी भारतीय मानकंसुद्धा दोन वेगळी आहेत. आय.एस. ५५४ हे जिथे पाणी आट्यांवर अडवायचं त्यासाठी, आणि आय.एस. २६४३ हे जिथे आट्यांवर अडवायचं नाही त्यासाठी. नळ भिंतीत बसतो तो पहिला प्रकार. तिथे आट्यांमधल्या फटी बुजवाव्या लागतात. पूर्वी सफेदा आणि सुतळी लावत, आता टेफ्लॉन टेप. नळी नळाला लागते तो दुसरा प्रकार. तिथले आटे नुसते आवळण्यापुरते. पाणी अडवतं ते चाकीच्या आतलं रबरी वायसर, नळाच्या सपाट कडेवर दाबलं जाऊन. तिथे टेप गुंडाळून काही उपयोग नाही. उलट जाड टेपमुळे चाकी तिरकी चढते, प्लॅस्टिकचे आटे मरतात आणि वायसर कडेवर नीट टेकतच नाही. आपल्याकडे गळलं की टेप, अजून गळलं की अजून टेप. एका घरी तर चाकीला पगडीच बांधलेली होती. आत पाहिलं तर वायसरच नव्हतं!

नळ बसवताना वरचा मेन कॉक बंद करा. भिंतीतल्या सॉकेटमधली जुनी टेप, सुतळी, गंज टूथब्रशनं साफ करा. नव्या नळाचे आटे आपल्याकडे तोंड करून धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, ताणून, आट्यांत रुतेल अशी गुंडाळा. उलट गुंडाळली तर आवळताना ती सुटून गोळा होते. आपल्याकडची टेप पातळ असते, आठ-दहा वेढे द्या. पहिला आटा मोकळा ठेवा. सुरुवात हातानं, मग पाना. शेवटी नळाचं तोंड खाली यायला हवं. जरा पुढे गेलं म्हणून मागे फिरवाल तर टेप फाटते आणि जोड गळतो. त्यापेक्षा नळ काढून पुन्हा गुंडाळा, कंटाळा करू नका. भिंतीतला पाइप पस्तीस-चाळीस वर्षांचा लोखंडी असेल तर मात्र हे स्वतः करू नका. गंजलेलं निपल भिंतीत मोडलं तर टाइल फोडावी लागते. प्लंबरला बोलवा आणि शेजारी उभे राहा.

नळीच्या चाकीत वायसर आहे ना, सपाट बसलंय ना, ते बघा. चाकी आधी किंचित उलटी फिरवा, आटा "टक्" बसल्याचं बोटांना कळतं, मग सुलटी. हातानं घट्ट, आणि फार तर कापड धरून पाव फेरा. बस्स. भूमाता फाडून सीतेला बाहेर काढल्यासारखा जोर लावायचा नाही. जास्त आवळलं की वायसर चेपून बाहेर येतं. नळी थोडी सैल ठेवा, मशीन पिळताना हलतं. मशीनकडच्या टोकाला जाळी असते, ती पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की धुवा, पण काढून टाकू नका.

आणि परीक्षा अशी: मशीन बंद, नळ पूर्ण उघडा, जोडाखाली कोरडं वर्तमानपत्र. दहा मिनिटं बसा. मग मशीनला पाणी घेऊ द्या, ते घ्यायचं थांबलं की पुन्हा कागद बघा. घरात सकाळपर्यंत कोणी असेल तर कागद रात्रभर राहू द्या. ओला डाग लगेच कळतो.

एवढं करूनही धुणं झालं की नळ बंद करायचा. नळी रबराचीच आहे, तीही म्हातारी होते. ज्यांना भाड्याच्या घरात तो चार स्क्रूंचा टोपच ठेवणं भाग आहे, त्यांनी तर धुणं चालू असेपर्यंत घराबाहेर पडू नये.

काकू समोरच बसल्या आहेत, म्हणून सांगतो. ते मुखवटे आम्ही नंतर नागपूरला एका मूर्तिकाराकडे नेऊन नीट करून घेतले. नाक थोडं वेगळं झालंय, काकूंना ते कळतं, त्या बोलत नाहीत. मागच्या दिवाळीत काकूंच्या लेकीनं त्यांना ऑटोमॅटिक मशीन घेऊन दिलं. बसवायला माणूस येणार होता, काकूंनी त्याला थांबवून ठेवलं आणि मला हाक मारली. मी नळ बदलला, वायसर घातलं, चाकी आवळली आणि निघायला लागलो. काकूंनी वर्तमानपत्र पसरलं, स्टूल पुढे केलं आणि म्हणाल्या, "बसा भाऊजी, दहा मिनिटं."

मी बसलो. चहा झाला. कागद कोरडा होता.

वायसरं वीस आणली आहेत, आरतीनंतर मागच्या टेबलावरून एकेक न्या. एक कॉकही आहे, ज्यांना टेप गुंडाळून बघायची असेल त्यांनी माझ्यापाशी यावं.