कागदाचा किल्ला आणि आपलं कौलारू घर
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



कागदी प्रतिकृतींबद्दल दोन शब्द बोलायला मला सांगितलंय. दिवाळीत आपली मुलं मातीचा किल्ला करतातच. मातीत अंदाज चालतो; कागदात मात्र माप लागतं.

मालवणचा सिंधुदुर्ग घ्या. शिवाजी महाराजांनी 1664 साली त्याचं बांधकाम सुरू केलं. तट सुमारे 3 किलोमीटर लांब आणि 30 फूट, म्हणजे साधारण 9 मीटर उंच. 1 मीटरला 1 सेंटिमीटर धरलं तर उंची 9 सेंटिमीटर होते, पण लांबी भरते 30 मीटर! आपला हॉलसुद्धा पुरायचा नाही. म्हणून मी फक्त महाद्वार आणि बाजूचे बुरूज करतो. होडीतून येताना हे दार चटकन का दिसत नाही, ते तटाचा वळसा कागदावर आखताना नीट कळतं. बुरूज वर निमुळता असतो. सरळ पट्टी गुंडाळली तर डबा होतो; पट्टी कमानीसारखी कापली, तरच बुरूज होतो.

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांची मापं, नकाशे कुठेतरी राहतील. पण आपल्या वाड्यांमधली चिऱ्याची, कौलारू घरं? ती पाडून स्लॅब पडतो आणि पडवी कुठे होती, माजघराला खिडकी होती की नाही, यावर भावाभावांत वाद होतात. या घरांचा नकाशा कुणाकडेच नसतो.

म्हणून मुलांनो, मे महिन्यात आजोळी जाल तेव्हा टेप घेऊन जा. आजी विचारेल, ‘‘कित्याक मोजतस रे? घर विकूचा आसा काय?’’ तिला सांगा, नाही गं, जपायचंय. खळं, ओटी, पडवी, माजघर, सगळं मोजा. दारं-खिडक्या विसरू नका.

छपराची एक गंमत सांगतो. भिंतीपासून आढ्याच्या रेषेपर्यंत आडवं अंतर 4 मीटर आणि आढं भिंतीपेक्षा 3 मीटर उंच असेल, तर छपराचा उतार 5 मीटर भरतो. शाळेतलं पायथागोरस इथे कामी येतं! कागद 4 सेंटिमीटर कापलात तर छप्पर भिंतीला टेकणारच नाही. पागोळ्या बाहेर पडायला हव्यात, म्हणून वर आणखी थोडा ठेवा.

कागद लग्नपत्रिकेइतका जाड घ्या. घडीच्या रेषेवर रिकामं बॉलपेन पट्टी धरून दाबून फिरवा, घडी सरळ येते. चिकटवायला कडेला अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी सोडा. कटर मोठ्यांच्या हाती द्या.

कमिटीला एकच विनंती. ऑफिसात एक काचेचं कपाट ठेवूया. 25 वर्षांपूर्वी आपण वेगवेगळ्या वाड्यांतून इथे राहायला आलो. ती घरं निदान त्या कपाटात शेजारी शेजारी उभी राहतील. टेप नसेल त्याने माझ्याकडून न्यावा.