गच्चीवरची तार आणि तिचे शेजारी



हे भाषण तुम्ही ट्रान्झिस्टरवर ऐकत असाल, तर एवढं करून पाहा. ट्रान्झिस्टर उचला आणि खिडकीच्या लोखंडी गजांपाशी न्या. मग फ्रिजजवळ न्या. मग जागच्या जागी त्याला सावकाश फिरवा. माझा आवाज कुठे चढेल, कुठे बसेल, कुठे एखाद्या एलईडी दिव्याची नाहीतर मोबाइलच्या चार्जरची घरघर त्यावर मात करेल. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर मात्र होती तशीच येते आहे. बदललं ते तुमच्या रेडिओच्या अवतीभवतीचं.

मी चिंचवडला राहतो. केंद्र सरकारची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना घेतलेला आहे. आम्हा हॅम मंडळींचा रोजचा राबता चाळीस मीटरच्या बँडवर. ३०० या आकड्याला मेगाहर्ट्झनं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला ती भरते सुमारे ४२ मीटर. तिच्यासाठी साधा डायपोल बांधायचा, तर जवळपास अर्ध्या लहरीएवढी, म्हणजे २० मीटर तार लागते. मधोमध केबल आणि दोन्हीकडे दहा-दहा मीटर.

आमची इमारत चार मजली. गच्चीची लांबी बरोबर पुरत होती, म्हणून मी तार कठड्याच्या कडेनं, वाव-दीड वाव उंचीवर ताणली. कठड्यालगतच टाकीकडून आलेला जीआय पाइप जातो, आणि टोकाला जाऊन खाली उतरतो. मीटर लावला. एसडब्ल्यूआर, म्हणजे परत फिरणाऱ्या शक्तीचं माप, आला १.३. हॅमला याहून चांगला आकडा नको असतो. मी समाधानानं खाली आलो आणि बोलावू लागलो. बेळगावची, नागपूरची, इंदूरची स्टेशनं एकमेकांशी बोलताना मला ऐकू येत होती. माझ्या हाकेला कुणी ओ देत नव्हतं. दोन आठवडे मी रेडिओ उघडून त्यात दोष शोधत राहिलो.

दोष रेडिओत नव्हता, तारेच्या शेजारात होता. लहरीच्या लांबीला सव्वासहानं भागा. जे उत्तर येईल, तेवढ्या अंतरातली वस्तू तारेच्या अगदी मिठीत आहे असं समजा. पोलिसांच्या वॉकीटॉकीसारख्या लहान लहरींवर, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, हे अंतर फूटभर येतं. अँटेना फूटभर सरकवला की काम झालं. चाळीस मीटरला ते पावणेसात मीटर होतं. ऐंशी मीटरच्या बँडला साडेतेरा. म्हणजे आमची सगळी गच्ची, पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, खालच्या मजल्याच्या स्लॅबमधल्या सळया, शेजारच्या इमारतीचा कठडासुद्धा. मी बांधली होती एक तार. आकाशाला दिसत होती तार अधिक पाइप अधिक सळया. तारेशी समांतर धावणारा तो पाइप माझी निम्मीअधिक शक्ती ओढून घेत होता आणि गंजलेल्या जोडांमध्ये, काँक्रीटमध्ये तिची ऊब करून टाकत होता.

मग एसडब्ल्यूआर इतका चांगला कसा? हे मला फार उशिरा कळलं, म्हणून नव्या मंडळींना आग्रहानं सांगतो. तो मीटर एवढंच सांगतो की रेडिओनं दिलेली शक्ती परत येत नाही. ती आकाशात गेली की पाइपात जिरली, हे त्याला कळत नाही. पन्नास ओहमचा नुसता रोधक जोडला तरी तो १ दाखवतो, आणि रोधकाचा आवाज कधी नागपूरला पोहोचत नाही.

पुढे पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या गच्चीवर पत्र्याची शेड उभी राहिली आणि माझ्या तारेचा सूर ७.१ वरून ६.९ मेगाहर्ट्झवर उतरला. तारेच्या टोकांना विद्युतदाब सर्वांत जास्त असतो. तिथे जवळ धातू आला की तार असते त्याहून लांब असल्यासारखी वागते. आता तार काढणं भागच होतं. दोन बांबू उभे केले, तार पाइपाशी काटकोनात फिरवली, टोकं नायलॉनच्या दोरीनं लोखंडापासून दूर धरली. एसडब्ल्यूआर १.८ झाला, मीटरच्या हिशेबानं वाईट. त्याच रात्री नागपूरनं उत्तर दिलं.

कोणती वस्तू आड येते, याचा अंदाज डोळ्यांनी घेतला की फसायला होतं. डिशची थाळी मोठी दिसते म्हणून तिच्यावर संशय येतो. ४२ मीटरच्या लहरीपुढे ती फुटा-दोन फुटांची थाळी जवळजवळ नाहीच. तिच्यामागून चार मजले उतरणारी केबल मात्र आहे, कारण दहा-साडेदहा मीटर म्हणजे त्या लहरीचा पाव भाग, आणि तेवढी उभी धातूची रेघ आपसूक सुरात येते. प्लास्टिकची टाकी बरीचशी निरुपद्रवी, तिचा पाइप नाही. याच कारणानं रेडिओच्या मनोऱ्याच्या ताणाच्या तारा अखंड ठेवत नाहीत. चिनी मातीचे अंड्यासारखे इन्सुलेटर घालून त्यांचे तुकडे पाडतात.

लहरीला काय दिसतं आणि काय नाही, हे पाहायचं तर चाकणवरून नाशिक रस्त्यानं नारायणगावकडे जा. खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. त्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची. वारा त्यांतून निघून जातो, पण वीसेक सेंटीमीटरची किंवा त्याहून लांब रेडिओलहर त्या भोकांना ओळखतच नाही, तिच्यापुढे ती सलग भिंत असते. मला ही रचना पाहताना दरवेळी भरून येतं. माझ्या पाइपानं जे माझं बिघडवलं, त्याच नियमातून इथे आकाश पकडलं आहे. ती जागा निवडताना माणसानं केलेला रेडिओचा गोंगाट तिथे कमी आहे, हेही पाहिलं गेलं होतं. ऐकण्याची जागा वेगळी निवडण्याची ही काळजी जुनीच आहे. १९२७ साली भारतातून इंग्लंडशी बिनतारी संदेशसेवा सुरू झाली, तेव्हा पाठवण्याचं केंद्र खडकीला ठेवलं आणि ऐकण्याचं थेट दौंडला.

आपल्या चिंचवडच्या पट्ट्यात तशी शांतता कुठली! एमआयडीसीतले मोटरींचे ड्राइव्ह, वेल्डिंग, लोकलची आणि मेट्रोची ओव्हरहेड तार, घरोघरचे स्वस्त चार्जर. आणि पत्र्याच्या शेडमधला गंजलेला बोल्ट. गंज लागलेला जोड डायोडसारखा वागतो, तुमच्याच लहरीचे तुकडे करून भलत्या ठिकाणी सोडतो. तो घट्ट करून रंगवला की कित्येकदा निम्मा त्रास मिटतो.

चाळीस आणि ऐंशी मीटरच्या बँडहून खालीही, म्हणजे आणखी लांब लहरींवर, हौशी मंडळी उतरली आहेत. २००७ साली १३६ किलोहर्ट्झची आणि २०१२ साली ४७२ किलोहर्ट्झची पट्टी आंतरराष्ट्रीय परिषदेत हौशी रेडिओला मिळाली. १३६ला लहर २२०० मीटर लांब. वर आडव्या तारांची छत्री असलेला दहा मीटरचा खांब तिथे इतका आखूड ठरतो, की शंभर वॉटांतला जेमतेम दशांश वॉट आकाशात जातो. बाकीची बरीचशी शक्ती कोरड्या मुरुमात आणि शेजारच्या झाडात जिरते. झाड ओलं असेल तर ते आणखी खातं.

एक विनवणी. विजेच्या वाहिनीच्या वरून, खालून किंवा जवळून तार नेऊ नका. आपल्याकडच्या वाहिन्या अकरा आणि बावीस हजार व्होल्टच्या आहेत. तार तुटून कुठे पडेल, हे आधी पाहा, मग बांबू उभा करा.

पुढच्या महिन्यात आमच्या गच्चीवर सौर पॅनेल बसणार आहेत. मला त्यांचा आनंद आहे, पण त्यांचा इन्व्हर्टर माझ्या तारेपासून पाच मीटरवर येतो आहे. पुण्याच्या तापकीर गल्लीतून त्याचा गोंगाट रोखायला फेराइटच्या कड्या आणून ठेवल्या आहेत. शिवाय रोज रात्री नऊ वाजता बँडवरचा गोंगाट मीटरवर पाहून वहीत लिहितो आहे, म्हणजे पॅनेल बसल्यावरचा आकडा त्याच्या शेजारी मांडता येईल.