सुचत नाही तेव्हा उंबऱ्याबाहेर

(कार्यकर्त्यांच्या लेखन शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कालच्या ओळखीच्या सत्रात बऱ्याच जणींनी एकच अडचण सांगितली. बोलायला सांगा, तासभर बोलू; पण लिहायला बसलं की काही सुचत नाही. कुणाचा अहवाल अडलाय, कुणाचं पथनाट्य दुसऱ्या प्रवेशापाशी थांबलंय. कुणाला आठ मार्चसाठी नवं गाणं हवंय, पण जुन्या चालीवर जुनेच शब्द येताहेत.

यात नुसतं एक पान कोरं राहतं असं नाही. आपल्या केंद्रात आलेल्या बाईनं काय सोसलं आणि ती कशी उभी राहिली, हे आपण लिहिलं नाही तर त्याची नोंद फक्त पोलीस ठाण्यात आणि कोर्टात उरते. तीही दुसऱ्यांच्या शब्दांत. म्हणून हा विषय चैनीचा नाही.

लेखकाला सुचेनासं झालं की त्याला सल्ला मिळतो, 'चार दिवस डोंगरात जाऊन ये.' आपण हसतो, कारण आपल्या मागे घर, मुलं, मोर्चे आणि तारखा असतात. पण त्या सल्ल्यात तथ्य किती, आणि तो आपल्या आयुष्यात बसवायचा कसा, हे आज पाहू.

रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ पती-पत्नींनी १९८९ साली निसर्गाच्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की नेटानं, ठरवून दिलेलं लक्ष थकतं. हलणारी पानं, वाहतं पाणी, सरकणारे ढग यांच्याकडे मात्र लक्ष आपसूक जातं, आणि तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष विसावतं. आता आपला दिवस आठवा. केंद्रात सहा तास दुसरीचं दुःख कान देऊन ऐकायचं. घरी आलं की दूध, मुलाचा ताप, सासूबाईंचं औषध. बाईचं लक्ष सतत कुणासाठी तरी जुंपलेलं असतं. मग रात्री अकराला वही उघडल्यावर शब्द येत नाहीत, याला प्रतिभा आटली म्हणायचं की लक्ष दमलं म्हणायचं?

दुसरी गोष्ट चालण्याची. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी बसलेल्या आणि चालणाऱ्या माणसांना किती नव्या कल्पना सुचतात, हे तपासलं. चालताना त्या सरासरी साठ टक्क्यांनी वाढल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्राच्या पट्ट्यावर चालणाऱ्यांनाही अधिक सुचलं. तेव्हा महाबळेश्वर गाठायची गरज नाही. पाय हलले आणि वाटेत एखादं झाड भेटलं, तरी पुष्कळ झालं.

पण बायांनो, खरी अडचण उंबऱ्याशीच सुरू होते. व्हर्जिनिया वुल्फनं ऑक्टोबर १९२८ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थिनींपुढे भाषणं दिली. त्यावरून १९२९ साली तिचं स्वतःच्या खोलीबद्दलचं पुस्तक निघालं. आपल्याला त्यातली खोली आठवते. पण सुरुवातीलाच एक नदीकाठ आहे, तो आपण विसरतो. पुस्तकातली बाई पाण्याकाठी बसलेली असताना तिला एक विचार सुचतो. गळाला मासा लागावा तसा. त्या भरात ती हिरवळीवरून चालू लागते, तर कॉलेजचा नोकर हातवारे करत धावत येतो. हिरवळ विद्वान पुरुषांची, बाईनं खडीच्या वाटेनं जायचं! ती मुकाट्यानं वाटेवर येते, पण तेवढ्यात तो मासा निसटलेला असतो.

आपल्या हिरवळीवर नोकर नसतो. आपला धाक मनात बसवलेला असतो. बाई बाहेर पडते ती दळणाला, भाजीला, देवाला, मुलाच्या शाळेला. काम नसताना बाकावर बसलेली बाई सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते. मुंबईतल्या बायकांच्या या अनुभवावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली पुस्तकच लिहिलं. विनाकारण रेंगाळण्याचाही हक्क असतो, हे त्यांनी ठासून मांडलं. मी त्यात एवढीच भर घालीन की विचार करायलाही तो हक्क लागतो.

'आम्हाला निसर्ग कमी आहे का?' असं लाकूडफाटा आणि पाणी वाहणाऱ्या मैत्रिणी विचारतील. त्यांचं बरोबर आहे. डोक्यावर मोळी असताना रान म्हणजे विसावा नव्हे. तरीही मराठी बायकांची केवढी तरी रचना कामातच झाली. पहाटेच्या जात्यावर हात फिरत राहिले आणि मन मोकळं झालं. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकारानं अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी ती टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपानं आली. यातून आपण दोन गोष्टी घेऊ. हात-पाय एका लयीत असले की शब्द सुटतात. आणि ते ऐकणारं, टिपणारं कुणीतरी जवळ लागतं.

आता भाषेकडे येते. आपले केसपेपर काढून पाहा. 'सदर महिलेस पतीकडून शारीरिक व मानसिक त्रास.' शंभर बायकांचं एकच वाक्य! लिहिणं अडतं ते बहुधा इथे, कारण तयार वाक्य आलं की पाहणं थांबतं. निसर्ग इथे शिक्षिकेचं काम करतो. सुगरण पक्ष्याचंच घ्या. नाव बाईचं, म्हणून घरटं मादीच विणते असं आपण धरून चालतो. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीपाशी उभ्या राहा. घरटं विणतो नर. अर्धं विणून तो पंख फडफडवून बोलावतो. मादी येते, पारखते, पसंत पडलं तरच राहते. मग तो ते पुरं करतो. ज्या डोळ्यांनी हे दिसतं, त्याच डोळ्यांना समोरच्या बाईनं पदराच्या टोकाला बांधून आणलेलं मंगळसूत्रही दिसतं. मग 'सदर महिला' लिहवत नाही.

करायचं काय, ते सांगते.

आठवड्यातून दोनदा अर्धा तास बाहेर. पिशवी नाही, काम नाही, फोन बंद. एकटीला धास्ती वाटत असेल तर दोघी जा, पण पहिली पंधरा मिनिटं गप्पच.

जवळचं एक झाड निवडा आणि वर्षभर तेच पाहा. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र'मध्ये एकेक महिना असाच जवळून पाहिला. बसस्टॉपवरचा पिंपळही चालेल.

परतल्यावर दहा ओळी. उपमा नको, 'सुंदर' नको. जे दिसलं, ऐकू आलं, वास आला तेवढंच. त्यानंतर अडलेला कागद पुढे ओढा.

जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, दुसरीनं तिच्याच शब्दांत टिपावं. खाली नाव सांगणारीचं.

दोन गोष्टी मात्र झाडावर सोपवू नका. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरकडे जायचं, आणि मैत्रिणीनं सोबत जायचं. आणि नवरा वही वाचेल या भीतीनं हात थांबत असेल, तर ते सुचेनासं होणं नाहीच. ती दहशत आहे. अशा वहीला केंद्राच्या कपाटात कुलूपबंद जागा द्या.

शेवटी संघटनांना विनंती. हा अर्धा तास कार्यकर्तीच्या कामाच्या वेळात धरा, तिच्या झोपेतून कापू नका. विश्रांतीची आणि मोकळ्या जागेची मागणी आपण वस्तीतल्या बायकांसाठी करतो, ती स्वतःसाठीही करू या. उद्या सकाळी साडेसहाला सगळ्या जणी फाटकापाशी जमा. वह्या इथेच राहू द्या. त्या परत आल्यावर उघडायच्या आहेत.